रिग की मी?

(स्नेहमेळाव्यातल्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)

आदरणीय सर, बाई, आणि माझ्या दहावी 'ब'च्या मित्रमैत्रिणींनो, आणि हो, 'अ'वाल्यांनोही. तीस वर्षं होत आली, आता कबड्डीच्या त्या सामन्याचा विषय मिटवायला हरकत नाही.

संयोजकांनी फोन केला तेव्हा अट घातली होती. नोकरी, मुलांचे मार्क आणि गुडघे हे तीन विषय सोडून बोल, कारण ते जेवताना होणारच आहेत. म्हणून नोकरीबद्दल एकच वाक्य. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते, म्हणजे खरं तर बराचसा वेळ दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. आता मुद्द्यावर येते.

मी हॅम आहे. खाण्याचा पदार्थ नव्हे. हौशी रेडिओ चालवणाऱ्यांना जगभर हॅम म्हणतात. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आणि मग ठरवून दिलेल्या पट्ट्यांवर घरातल्या सेटवरून बोलायचं. परीक्षेला रेडिओचं शास्त्र आणि नियम असे दोन भाग असतात. वरच्या श्रेणीसाठी मोर्सही येावं लागतं. खालच्या श्रेणीला व्हीयू-थ्रीने सुरू होणारं कॉल साइन मिळतं, वरच्या श्रेणीला व्हीयू-टू. बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षेला बसता येतं. मी बसले तेव्हा माझ्या शेजारच्या बाकावर असाच एक पोरगा होता आणि त्याचा पेपर माझ्याआधी झाला.

या छंदाची एक गोष्ट इथल्या बायकांसाठी मुद्दाम सांगते. हवेवर पुरुषाला, तो सोळा वर्षांचा असला तरी, 'ओल्ड मॅन' म्हणतात, आणि बाईला, ती आजी असली तरी, 'यंग लेडी'. तारायंत्राच्या काळापासूनची ही पद्धत आहे. चाळिशी उलटून गेल्यावर रोज सकाळी सात वाजता कुणीतरी आपल्याला गंभीरपणे यंग लेडी म्हणतं यासाठी मी परीक्षेची फी दोनदासुद्धा भरली असती.

लोक मला विचारतात, मोबाईल असताना हे कशाला? प्रश्न रास्त आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात पोर्ट ब्लेअरला होते. हौसेसाठीच गेले होते. अंदमानातून हौशी केंद्र बऱ्याच वर्षांनी सुरू होत होतं आणि जगभरच्या हॅमना त्यांच्याशी बोलायचं होतं. २६ तारखेला त्सुनामी आली. फोन बंद पडले, आणि या मंडळींचे सेट बेटांवरून मुख्य भूमीकडे निरोप पोहोचवू लागले. ही गोष्ट आमच्यात सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातली लक्षात राहते ती एक बारीक बाब. त्यांची यंत्रं त्या सकाळी खोक्यातून बाहेर काढलेली नव्हती. काही आठवडे ती रोज चालत होती आणि रोज कुणीतरी लांबचा माणूस त्यांना सांगत होता की तुमचं ऐकू येतंय.

आज त्या रोजच्या भागाबद्दल बोलायचंय. बाहेरून वाटतं की हॅम लोक दिवसभर परदेशी गप्पा मारतात. प्रत्यक्षात आमचा निम्मा वेळ सेट नीट चालतोय का हे तपासण्यात जातो, आणि उरलेल्यापैकी निम्मा दुसऱ्याचा सेट नीट का चालत नाही यावर चर्चा करण्यात.

माझा सेट मी स्वतः जोडलाय. त्याच्या आराखड्याला बिट-एक्स म्हणतात. हैदराबादचे अशर फरहान यांनी तो केला आणि सगळ्यांना खुला करून दिला. आपल्याकडच्या दुकानांत मिळतील असेच स्वस्त सुटे भाग त्यात वापरायचे हा त्यांचा हट्ट. पहिल्या आराखड्यात वेटोळी गुंडाळायला त्यांनी चक्क नळाचे वॉशर सुचवले होते. मी तपकीर गल्लीत जाऊन कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर आणले, आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून वॉशर. दुकानदाराने विचारलं, "कुठला नळ गळतोय?" मी म्हटलं, रेडिओ करायचाय. त्याने नवऱ्याकडे पाहिलं.

असा सेट जोडून झाला की लगेच बटण दाबायचं नसतं. आधी बॅटरी आणि सेटच्या मध्ये गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा दिवा मालिकेत लावायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि भाग वाचतात. मंद राहिला तर पुढे जायचं. मग आवाजाचा भाग. व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला ओलं बोट लावायचं. स्पीकरमधून 'गूं' आलं की तिथून स्पीकरपर्यंत सगळं ठीक. जुने रेडिओ मेकॅनिक हे डोळे मिटून करायचे. मग अर्ध्यावर जायचं आणि तिथे सिग्नल पोहोचतो का बघायचं. पोहोचत असेल तर दोष अलीकडे आहे, नसेल तर पलीकडे, आणि मग उरलेल्याचे पुन्हा अर्धे. आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअरमधला दोष असाच शोधतात, त्याला मोठं नाव आहे आणि त्यावर प्रशिक्षण शिबिरं होतात. रेडिओ मेकॅनिकला ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

यानंतर येतो तो डमी लोड. प्रक्षेपण तपासायचं तर सेटच्या मागे काहीतरी जोडलेलं लागतं. काहीच न जोडता बटण दाबलं तर शक्ती उलटी परतते आणि शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. अँटेना जोडली तर तुमचे प्रयोग सगळ्या देशाला ऐकावे लागतात. म्हणून ५० ओहमचा एक रोध जोडायचा, जो सगळी शक्ती गिळतो आणि नुसता गरम होतो. बाजारात मिळतो, पण घरी करणं सोपं. १००० ओहमचे, दोन वॅटचे वीस रेझिस्टर समांतर जोडायचे. एक हजार भागिले वीस, पन्नास. वीस दुणे चाळीस वॅट. कार्बनचे किंवा मेटल फिल्मचेच घ्यायचे, तार गुंडाळलेले नाहीत, कारण ते स्वतःच वेटोळं होऊन बसतात आणि या वारंवारतेला ५० ओहम राहत नाहीत. बाई, समांतर जोडणीचं गणित आयुष्यात कुठे लागणार असं मी तुम्हाला नववीत विचारलं होतं. हे उत्तर.

इथपर्यंतचं सगळं घरात, टेबलावर, एकट्याने करता येतं. यानंतर मात्र गाडी अडते.

सेटला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. आपण बोलतो तेव्हा त्याचा ऐकणारा भाग बंद असतो. शेजारी दुसरा सेट ठेवून ऐकलं तर तो इतक्या जवळून इतका दणका खातो की चांगला आवाजही फाटका वाटतो. मीटरवर शक्ती दिसते, अँटेना किती परत फेकते ते दिसतं, पण आपला आवाज रत्नागिरीत कसा पोहोचतो हे रत्नागिरीतल्या माणसालाच विचारावं लागतं.

त्यासाठी दोन आकड्यांची भाषा आहे. पहिला आकडा कळण्याचा, एक ते पाच. दुसरा जोराचा, एक ते नऊ. पाच आणि नऊ म्हणजे शब्द न् शब्द कळतोय आणि सिग्नल भक्कम आहे. गंमत अशी की हवेवर कुणीही कुणालाही भेटलं की पहिल्या दहा सेकंदांत म्हणतं, "यू आर फाइव्ह नाइन." आणि पुढचंच वाक्य असतं, "तुमचं नाव परत सांगता का, कळलं नाही." स्पर्धांमध्ये तर सगळ्यांना सरसकट फाइव्ह नाइनच देतात, वेळ वाचतो म्हणून. लग्नात "जेवण कसं होतं" विचारल्यावर आपण जे उत्तर देतो, त्याच जातीचं हे उत्तर.

यावर यंत्राचा उतारा निघालाय. जो टेलर नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ आहेत, १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेले, आणि जुने हॅम. त्यांनी २००८ मध्ये एक प्रणाली दिली. तुमचा सेट दोन मिनिटं अगदी क्षीण शक्तीने, टॉर्चच्या बल्बाहूनही कमी, आपलं नाव-गाव पाठवत राहतो. जगभरचे संगणक कान लावून बसलेले असतात. ज्याला ऐकू येतं तो नोंद करतो, किती गोंगाटात किती ऐकू आलं त्या आकड्यासकट. मी २०० मिलिवॅटवर पाठवून झोपले आणि सकाळी ऑस्ट्रेलियातली नोंद पाहिली तेव्हा घरातल्या कुणाला उठवू असं झालं होतं. कुणी उठलं नाही. या यंत्राला संकोच नाही, ते उणे बावीस असेल तर उणे बावीसच लिहितं. पण त्याला आवाज कळत नाही. सिग्नल पोहोचला एवढंच ते सांगतं. बोलणारा माणूस रडतोय की गुळण्या करतोय हे सांगायला माणूसच लागतो.

आता एका काकांबद्दल सांगते. नाव-गाव सांगणार नाही, कोकणातले आहेत एवढं पुरे. वय ऐंशीच्या आसपास. तार खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मोर्स त्यांच्या बोटांत आहे. आपण सही करतो तसे ते कॉल साइन ठोकतात. बायको गेली, मुलगा परदेशात. रोज सकाळी सात मेगाहर्ट्झवर आमचं नेट भरतं. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी सगळ्यांनी जमायचं, एकाने हजेरी घ्यायची आणि एकेकाने बोलायचं. काका त्यात पहिल्या पाचांत. त्यांचाही सेट घरी जोडलेला बिट-एक्सच, त्याला त्यांनी मोर्सची कळही बसवलेली. गावात वीज जाते म्हणून सगळं बॅटरीवर.

एका पावसाळ्यात काका तीन आठवडे दिसले नाहीत. मग नेटवर निरोप आला की त्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेला, आता बरे आहेत, हातपाय ठीक आहेत, जीभ थोडी जड आहे. दसऱ्याच्या सुमारास ते परत आले. सगळ्यांना आनंद झाला. पण बोलणं कळेना. शब्द सुरू व्हायचा ठीक, आणि मग लांबलेला 'आ' किंवा 'ओ' आला की आवाज पाण्याखाली गेल्यासारखा व्हायचा. लोक म्हणायचे, "काका, परत सांगा." काका परत सांगायचे. मग लोक म्हणायचे, "हो हो काका, फाइव्ह नाइन."

त्या दिवसांत आमच्या इमारतीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग चालू होतं आणि माझी अँटेना उतरवलेली होती. खिडकीतून सोडलेल्या तारेवर मी नुसती ऐकायचे, बोलता येत नव्हतं. नुसतं ऐकणाऱ्याला एक फायदा असतो. आपली पाळी कधी येते याकडे लक्ष नसल्यामुळे इतरांच्या पाळ्या नीट ऐकू येतात. पंधरा दिवसांत काकांचं बोलणं आखडत गेलं. आधी पावसाचं, आंब्याच्या मोहराचं सांगायचे, मग नुसतं "सगळं ठीक, सगळ्यांना नमस्कार," आणि मग नुसतं कॉल साइन. लोकांचं वागणं वाईट नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. आजारातून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला "तुमचं कळत नाही" म्हणायला जीभ रेटत नव्हती, इतकंच. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं वाटत होतं.

मग एक नवा मुलगा आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, परवाना हातात येऊन महिनाही झालेला नाही. त्याला काकांचं आजारपण माहीत नव्हतं. नेट चालवणाऱ्याने त्याला सांगितलं, काकांना रिपोर्ट दे. त्याने दिला. "काका, जोर नऊ, कळणं तीन. तुमचा आवाज गुळणी केल्यासारखा येतोय. रिग बघा एकदा." रिग म्हणजे सेट.

हवेवर शांतता म्हणजे काय हे सांगणं अवघड आहे. खरखर चालूच असते, फक्त तिच्यात कुणी माणूस नसतो. दहा-पंधरा सेकंद गेले. नेट चालवणारे गृहस्थ घाईघाईने काहीतरी बोलून सावरायला लागले, आणि त्यांच्यावरून काकांचा आवाज आला. अगदी आखूड, तुकड्यातुकड्यात, म्हणून नेमका कळलासुद्धा.

"रिग की मी?"

त्या मुलाला प्रश्नाचं वजन कळलं नसावं, आणि ते बरंच झालं. त्याने तो निव्वळ तांत्रिक प्रश्न समजून उत्तर दिलं. "ते कसं कळणार काका? मोर्सची कळ आहे का? एक लांब डॅश द्या ना."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. इतकी साधी, इतकी बिनचूक चाचणी आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती. मोर्समध्ये जिभेचं काही काम नाही. कळ दाबली की सूर, सोडली की शांतता. सूर सरळ आला तर सेट सरळ. सूर वाकडा आला तर वाकडेपणा सेटचा, आणि त्यात माणूस कुठेही नाही.

काकांनी कळ दाबली. सूर आला आणि तिथल्या तिथे खाली घसरला, चढावर दम लागलेल्या मोटारीसारखा. त्यांनी सोडून परत दाबली. परत घसरला. नेटवरच्या सगळ्यांनी ऐकलं. आणि मग एकदम चार-पाच जण एकावर एक बोलायला लागले, कारण आता बोलायला हरकत नव्हती. सेटला नावं ठेवायला कुणाचीच जीभ अडखळत नाही.

मी ते ध्वनिमुद्रित केलं होतं. नेट चालवणाऱ्यांकडून नंबर घेऊन मी काकांना ते पाठवलं, झटक्याआधीचं एक जुनं मुद्रणही सोबत जोडलं, आणि फोन केला. त्यांनी स्वतःचा प्रक्षेपित आवाज बऱ्याच काळात पहिल्यांदाच ऐकला. फोनवर त्यांचं बोलणं मला सगळं कळत होतं. थोडं जड होतं, पण कळत होतं. ते त्यांनाही जाणवलं असणार, त्यांनी काही म्हटलं नाही. लगेच म्हणाले, "सूर घसरतो म्हणजे व्होल्टेज बसतंय." तार खात्यातला माणूस.

पुढचे दोन दिवस त्यांनी जे केलं ते खरं तर आपल्या प्रयोगशाळेत लावायला हवं. पहिल्यांदा त्यांनी सेट बंद असताना सगळं तपासलं. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, सेटच्या पायावर १२.६. फ्यूज शाबूत. तारेला मीटर लावलं की बझर वाजतो. म्हणजे सगळं ठीक. बहुतेक लोक इथे थांबतात आणि दोष सेटच्या पोटात शोधायला लागतात. काका म्हणाले, "मीटर किती करंट सोडतं त्या तारेतून? मुंगीएवढा. मुंगी कुठूनही जाते." मग त्यांनी डमी लोड जोडला, कळ दाबून धरली आणि परत मोजलं. बॅटरीच्या पायावर १२.३. सेटच्या पायावर १०.१. मधल्या दीड मीटर तारेत २.२ व्होल्ट हरवले. प्रक्षेपणाच्या वेळी सेट साधारण दोन अँपिअर घेतो. दोन पूर्णांक दोन भागिले दोन. सर, दहावीचा पहिला प्रयोग. १.१ ओहम, जिथे जवळपास शून्य असायला हवा.

आता हे सगळं आवाजाशी कसं जुळतं ते बघा. सेटच्या पोटात वारंवारता ठरवणारा भाग असतो, त्याला नऊ व्होल्टचा स्थिर पुरवठा एका रेग्युलेटरमधून मिळतो. त्या रेग्युलेटरला नऊ देण्यासाठी वर दोनेक व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे अकरा. दहाला आला की त्याचा हात सुटतो आणि वारंवारता सरकते. हळू बोललं की करंट कमी, व्होल्टेज टिकतं, शब्द नीट. लांब आणि जोरदार स्वर आला की करंट वाढतो, व्होल्टेज बसतं, सूर घसरतो. म्हणून फक्त 'आ' आणि 'ओ' पाण्याखाली जात होते आणि "रिग की मी" स्वच्छ आलं. आणि जोर? १२.३ चे १०.१ झाले म्हणजे शक्ती साधारण एक तृतीयांश कमी झाली. ऐकणाऱ्याच्या मीटरवर एक घर सरकायला शक्ती चौपट किंवा पावपट व्हावी लागते, तेव्हा तिथे काटा हललाच नाही. नऊ म्हणणारे जोराच्या बाबतीत खरंच बोलत होते. पाच तेवढा सौजन्याचा होता.

दोष निघाला फ्यूज होल्डरमध्ये. फ्यूज चांगला, पण तो ज्या पत्र्याच्या चिमट्यात बसतो त्यावर हिरवट कीट चढलेलं. पावसाळाभर सेट बंद, समुद्राकडची हवा, आणि नेमके तेच आठवडे काका अंथरुणाला. दोघं एकाच वेळी आजारी पडले असं तेच हसून म्हणाले. कुणीतरी जाऊन दुरुस्त करून द्यावं अशी नेटवर चर्चा झाली होती. तो मुलगा चिपळूणपर्यंत एसटीने यायला तयार होता. काकांनी स्पष्ट नाही म्हटलं. मोजायचं कुठे ते सांगा, हात माझे चालतात. पॉलिश पेपरने त्यांनी चिमटे घासले, मग विचार बदलून होल्डरच काढून टाकला, नवा आणला, तारेची टोकं कापून ताजी करून सोल्डर केली. एका हाताला कंप आहे, म्हणून तार दाराच्या फटीत धरून. परत मोजलं. कळ दाबलेली असताना बॅटरीवर १२.३, सेटवर १२.२.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते नेटवर आले, आणि बोलायच्या आधी त्यांनी एक लांब डॅश दिला. काडीसारखा सरळ. मग बोलले. मोहोर, माकडं, वीज मंडळ, सगळं साठलेलं. नेट चालवणाऱ्यांनी सवयीने म्हटलं, फाइव्ह नाइन. काकांनी त्यांना थांबवलं आणि त्या मुलाला हाक मारली. "रिग सरळ आहे ना आता? मग माझा रिपोर्ट दे."

त्या मुलाला एव्हाना सगळं कळलेलं होतं. तो क्षणभर थांबला, ते मला ऐकू आलं. मग म्हणाला, "चार, काका. 'र' आणि 'स' थोडे चिकटतात. बाकी सगळं कळतं."

"रॉजर," काका म्हणाले. "चार. आता चाराचं बघू."

त्यांनी वाणीचे व्यायाम सोडून दिले होते, उपयोग नाही म्हणून. ते परत सुरू केले. दर रविवारी नेट संपलं की ते त्या मुलाकडून रिपोर्ट घेतात आणि बदल्यात अर्धा तास त्याला मोर्स शिकवतात, कारण त्याला वरच्या श्रेणीची परीक्षा द्यायचीय. 'चार'चे 'पाच' अजून झालेले नाहीत. होतीलच असं नाही. मध्ये एकदा मुलाने चार म्हटल्यावर काका म्हणाले, मागच्या रविवारपेक्षा चांगलं होतं असं मला वाटलं. मुलगा म्हणाला, तुम्हाला वाटलं असेल काका, इथे चारच आलं. आम्ही सगळे गप्प बसून ऐकत होतो. काका खुशीत हसले.

माझी अँटेना नंतर पुन्हा गच्चीवर चढली. पहिल्याच सकाळी मी काकांना बोलावून रिपोर्ट मागितला. "पाच आणि सात, यंग लेडी," ते म्हणाले, "आणि मागे पंख्याचा घरघराट येतोय, तो आधी बंद कर." पंखा माझ्या मागेच होता. पाच वर्षं त्याच खोलीतून बोलतेय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वेळ संपत आली, संयोजक हात करतायत. एक शेवटची सूचना. मी सेट आणलाय. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत टेबलावर मांडून ठेवलाय, आणि शिपाईमामांच्या मदतीने वीस मीटरची तार पाण्याच्या टाकीपासून मैदानातल्या वडापर्यंत ताणलीय. आज फक्त ऐकायचंय. साडेपाचनंतर ऊन उतरलं की सात मेगाहर्ट्झवर लांबलांबचे आवाज यायला लागतात. शेजारी डमी लोड, मीटर आणि एक मुद्दाम गंजवलेला फ्यूज होल्डर ठेवलाय. १.१ ओहम कुठे लपलाय ते शोधून दाखवा. सर, तुम्ही आधी या, नाहीतर 'अ'वाले गर्दी करतील.